पाच गोलांचा फॉर्म

पुण्याजवळच्या कासारवाडी, भोसरीच्या कारखान्यांत दिवसभर काम करून संध्याकाळी एमबीएला बसणारी मुलं सत्र संपताना एक फॉर्म भरतात. शिक्षक वेळेवर येतात का? शिकवलेलं समजतं का? प्रत्येक प्रश्नापुढे पाच गोल, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. नाशिक फाट्यावर सिग्नल सुटेपर्यंत तो मोबाइलवर भरूनही होतो.

एके काळी शिकवणं तपासायला वरून साहेब यायचे. ‘डिपुटी येणार’ म्हटलं की मराठी शाळेचं अंगण सारवलं जायचं. मास्तर कसे शिकवतात, हे मुलांनाच विचारायची मोजपट्टी हर्मन रेमर्स यांनी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९२७ मध्ये तयार केली. आपण मुलांना कसे दिसतो हे शिक्षकाला कळावं, एवढाच तिचा हेतू. ‘सहमत-असहमत’च्या पाच पायऱ्या १९३२ मध्ये रेन्सिस लायकर्ट यांनी दिल्या. हेच लायकर्ट पुढे व्यवस्थापनशास्त्रात गाजले आणि आज आपली मुलं त्यांच्या चार नेतृत्वपद्धती परीक्षेसाठी पाठ करतात.

पुढे अमेरिकेत या फॉर्मवर बढत्या ठरू लागल्या, आणि तिथेच तो बिघडला. १९७३ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात ‘डॉ. फॉक्स’ म्हणून एका नटाला उभं केलं होतं. भाषण ऐटदार, आशय जवळजवळ शून्य. समोर बसलेल्या जाणत्या डॉक्टरांनी, मानसशास्त्रज्ञांनी त्याला छान गुण दिले!

आपल्याकडे पुणे विद्यापीठात व्यवस्थापनाचा विभाग १९७१ मध्ये आला, आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी ‘नॅक’ १९९४ मध्ये. २०१७ च्या नव्या चौकटीत ‘नॅक’ स्वतःच विद्यार्थ्यांना विचारू लागली. फॉर्मला वजन आलं, पण बऱ्याच ठिकाणी त्याचा मुक्काम फाइलीतच राहिला.

कारखान्याच्या प्रशिक्षणासाठी याहून कडक कसोटी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडली होती : आवडलं का, शिकला का, कामावर वेगळं वागला का, कामात फरक पडला का. आपला फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतो. बाकीच्या तीन पायऱ्या तपासायला आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्याइतकी सोयीची जागा कुठे मिळणार? सकाळी शिफ्टला जाणारा सुपरवायझर हाच रात्रीचा विद्यार्थी. काल शिकलेलं साठ्याचं गणित त्याने स्टोअरमध्ये वापरून पाहिलं का, हे त्याला थेट विचारता येतं.

म्हणून संस्थाचालकांना कळकळीची विनंती : फॉर्म पाचव्या आठवड्यात भरून घ्या, सत्र संपल्यावर नको. सहकारी शिक्षकाला महिन्यातून एकदा मागच्या बाकावर बसू द्या. आणि मुलांच्या सांगण्यावरून काय बदललं, ते पुढच्याच तासाला त्यांना सांगा.