आयटी मॅनेजमेंट म्हणजे नेमकं काय? बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी बीसीएपासून एमबीएपर्यंतची माहिती

बारावीनंतर ‘कॉम्प्युटरला जायचंय’ एवढंच ठरलेले विद्यार्थी बीड, गेवराई, माजलगाव, केज, आष्टी अशा प्रत्येक तालुक्यात दिसतात. पण बीसीए, बीसीएस, बीएस्सी आयटी, बीटेक, एमसीए, एमबीए या नावांत फरक काय, हे अनेकदा प्रवेश झाल्यावरच कळतं. २०२४-२५ पासून प्रवेशाचे नियमही बदलले आहेत. त्यामुळे निकाल लागल्यानंतर चौकशी सुरू करणाऱ्यांची संधी हुकू शकते.

आयटी मॅनेजमेंट म्हणजे काय?

सॉफ्टवेअर लिहिणं हा एक भाग झाला. एखाद्या संस्थेची संगणक यंत्रणा, तिच्यातली माहिती, ती वापरणारी माणसं आणि त्यावर होणारा खर्च हे सगळं सांभाळणं म्हणजे आयटी मॅनेजमेंट, अर्थात माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापन. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, बॅकअप कुठे ठेवायचा, कोणत्या कर्मचाऱ्याला कोणती माहिती दिसावी, यंत्रणा बंद पडली तर किती वेळात सुरू झाली पाहिजे, हे या क्षेत्रातले रोजचे प्रश्न आहेत.

बीड जिल्ह्यातल्या वाचकाला साखर कारखान्याचं उदाहरण जवळचं वाटेल. उसाची नोंद होते तेव्हा शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागवडीची तारीख संगणकात जाते. त्यावरून तोडणीचा क्रम ठरतो. गाडी आली की वजनकाट्यावरचं वजन यंत्रणेत उतरतं आणि त्याच आकड्यावर शेतकऱ्याचं बिल, तोडणी मजुरी व वाहतुकीचे पैसे निघतात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार उसाचे पैसे १४ दिवसांत देणं बंधनकारक आहे.

आता ऐन हंगामात रात्री दोन वाजता काट्याचा संगणक बंद पडला तर गाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो आणि वजन घटतं. पर्यायी यंत्रणा तयार आहे का? शेवटच्या गाडीपर्यंतची नोंद सुरक्षित आहे का? नोंदवलेलं वजन नंतर कोणी बदललं तर ते कोणी आणि कधी बदललं, हे दिसतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर नुकसान शेतकऱ्याचं आणि ऊसतोड मजुराचं होतं. बँका, पतसंस्था, रुग्णालयं, महावितरण, नगरपालिका, सगळीकडे असेच प्रश्न असतात. म्हणून हे काम फक्त पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांपुरतं नाही.

कोणत्या अभ्यासक्रमात काय शिकवतात?

- बीसीए: प्रोग्रामिंग, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, वेब तंत्रज्ञान, सिस्टिम अॅनालिसिस. भर संगणकाच्या व्यावहारिक वापरावर. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते.
- बीबीए (कॉम्प्युटर अॅप्लिकेशन): हिशेब, मार्केटिंग, व्यवस्थापन यांच्या जोडीला संगणकाचे विषय. नावात बीबीए असल्याने व्यवस्थापनाचा वाटा जास्त.
- बीसीएस, बीएस्सी (संगणकशास्त्र किंवा आयटी): विज्ञान शाखेची पदवी. गणित आणि सैद्धांतिक पाया अधिक.
- बीटेक (आयटी किंवा संगणक): चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्यांचा हा नेहमीचा मार्ग.
- एमसीए: पदवीनंतरचा अभ्यासक्रम, पूर्वी तीन वर्षांचा, २०२०-२१ पासून दोन वर्षांचा. तांत्रिक बाजू पक्की करण्यासाठी.
- एमबीए (आयटी किंवा सिस्टिम्स): कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षं. प्रकल्प नियोजन, खर्च, ईआरपी, माहिती सुरक्षा, कराराच्या अटी अशा विषयांवर भर.

एमसीए की एमबीए, हा प्रश्न हमखास विचारला जातो. ज्याला कोड लिहिणं, यंत्रणा उभारणं आवडतं त्याच्यासाठी एमसीए. ज्याला माणसं, पैसा आणि यंत्रणा यांचा मेळ घालायचा आहे त्याच्यासाठी एमबीए. मात्र स्वतः कधी डेटाबेस हाताळलेला नसेल तर फक्त एमबीएच्या पदवीवर आयटी विभाग सांभाळणं अवघड जातं. त्यामुळे पदवीनंतर एक-दोन वर्षं नोकरी करून एमबीएला जाणं अनेकांना फायद्याचं ठरतं.

एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे. तो सरकारी नोकरीच्या अटींसाठी उपयोगी पडतो, पण पदवीला पर्याय नाही.

बीड जिल्हा कोणत्या विद्यापीठात येतो?

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत. विद्यापीठाची स्थापना १९५८ सालची, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला. विद्यापीठाचं उपकेंद्र धाराशिवला आहे. केज, अंबाजोगाईकडच्या विद्यार्थ्यांना संभाजीनगरपेक्षा ते जवळ पडतं.

अभियांत्रिकीचं गणित वेगळं आहे. अंबाजोगाईचं महात्मा बसवेश्वर शिक्षण संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय बीड जिल्ह्यात असलं, तरी ते रायगड जिल्ह्यातल्या लोणेरे इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहे. दोन्ही विद्यापीठांच्या नावांत साम्य असल्याने अर्ज भरताना गोंधळ होतो.

नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) हा पर्याय आहे. अन्य कोणत्याही विद्यापीठाचा ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाचा एमबीए घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी यूजीसीची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहावं.

२०२४ पासून काय बदललं?

बीसीए, बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, कक्षेत आले. त्यानंतर महाराष्ट्रात या अभ्यासक्रमांसाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा सुरू झाली. पहिल्या वर्षी अनेकांना हा बदल कळलाच नाही, जागा रिकाम्या राहिल्या आणि जादा सीईटी घ्यावी लागली. दरवर्षी असं होईलच, याची खात्री नसते.

या सीईटीत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. इंग्रजी, तर्कशक्ती, सामान्य ज्ञान आणि संगणकाची प्राथमिक माहिती असे चार भाग असून सर्वाधिक प्रश्न इंग्रजीचे असतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने म्हणूनच अकरावीपासून रोज थोडं इंग्रजी वाचन ठेवलं तर मोठा फरक पडतो. एमबीए आणि एमसीएसाठी स्वतंत्र सीईटी आहेत. एमसीएसाठी बीसीए किंवा तत्सम पदवी, नाहीतर बारावीला किंवा पदवीला गणित विषय असणं आवश्यक असतं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळापत्रकाची. सीईटीच्या नियमित अर्जाची मुदत साधारणपणे बारावीच्या निकालाआधीच संपते. बीसीएस किंवा बीएस्सीला ही सीईटी लागू नाही, त्यामुळे मुदत हुकलेल्यांसाठी तो मार्ग उरतो.

फी, सवलती आणि वसतिगृह

बीसीए व्यावसायिक अभ्यासक्रमांत आल्याचा एक फायदाही आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. अट एकच, पण मोठी: प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही. ‘सीईटीची कटकट नको, थेट प्रवेश देतो’ असं कोणी सांगितलं तर मुलीच्या पूर्ण फीचा प्रश्न त्यातच दडलेला असतो.

अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती आहेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे.

आई-वडील तोडणीला परजिल्ह्यात गेलेले असतील तर उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी यांची कामं अडतात. ही कागदपत्रं टोळ्या निघण्याआधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, जमवायला सुरुवात केलेली बरी. मात्र उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत प्रवेशाच्या वेळी शिल्लक असेल, हे तपासून घ्यावं.

कॉलेज निवडताना काय तपासावं?

१. कॉलेजला त्या वर्षाची एआयसीटीई मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का.
२. कॉलेजचं नाव सीईटी कक्षाच्या कॅप यादीत आहे का.
३. पदवीच्या प्रमाणपत्रावर नेमकं कोणतं नाव येणार: बीसीए, बीसीएस की आणखी काही. पुढे एमसीए किंवा सरकारी भरतीच्या वेळी हेच नाव पाहिलं जातं.
४. प्रयोगशाळेत किती संगणक चालू आहेत, आणि तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी प्रकल्प स्वतः करतात की विकत आणतात. हे प्राचार्यांपेक्षा शिकणारी मुलं नीट सांगतात.
५. इंटर्नशिप कुठे मिळते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशी सोय आहे. घरच्या अडचणीने शिक्षण मध्येच थांबलं तरी मिळवलेले क्रेडिट नोंदलेले राहतात.

पदवीशिवाय जमतं का?

जमतं, पण सोपं नाही. आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत यांनी इन्फोसिसमध्ये साधं मदतनिसाचं काम करताना ग्राफिक डिझाइन शिकून घेतलं आणि पुढे स्वतःचं डिझाइन सॉफ्टवेअर उभं केलं. कोरोनाकाळात त्यांनी गावाकडूनच काम चालवलं. त्यांच्याकडे आयटीची पदवी नव्हती, पण एका कौशल्यावर अनेक वर्षं घेतलेली मेहनत होती. पदवी असो वा नसो, ही मेहनत टळत नाही. मुलाखतीत विचारलं जातं ते हेच: स्वतः काय बनवलंस आणि ते बिघडल्यावर कसं दुरुस्त केलंस?

थोडक्यात: बीसीए-बीबीएसाठी सीईटी द्यावी लागते, तिचा अर्ज निकालाआधी भरावा लागतो, आणि मुलींना फीमाफी हवी असेल तर प्रवेश कॅपमधूनच घ्यावा लागतो. नियम आणि तारखा दरवर्षी बदलू शकतात, म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेल्या फॉरवर्डवर न थांबता राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची सूचना वाचावी.