हॅकिंगची आद्य सामग्री



ह्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, "काय हो, यंदा घरफोडीचे वर्ग काढता की काय?" त्यांच्याबरोबर त्यांचा नातू होता, नुकताच अकरावीत गेलेला. त्याचा प्रश्न निराळा होता. हॅकिंग शिकायचे तर प्रथम काय विकत घ्यावे, एवढेच त्याला हवे होते. आजोबांच्या प्रश्नाला आम्ही हसून वेळ मारून नेली. नातवाच्या प्रश्नाला तसे करता येईना. कारण तो अखेर इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एका विवक्षित जागी, एका विवक्षित काळी सापडते.

ती जागा म्हणजे अमेरिकेतील केंब्रिज गावची एमआयटी ही विख्यात तंत्रसंस्था, आणि काळ साधारणतः 1958 ते 1963. संस्थेच्या आवारात वीस नंबरची एक लाकडी इमारत होती. 1943 साली, युद्धाच्या धांदलीत, रडारच्या संशोधनासाठी ती घाईघाईने उभारली होती. युद्ध संपताच पाडावयाची म्हणून बांधलेली ही इमारत पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. तिच्यातील एका खोलीत विद्यार्थ्यांचे एक मंडळ भरत असे: खेळण्यातल्या आगगाड्यांचे मंडळ. मोठ्या टेबलावर डोंगर, गावे, स्टेशने मांडलेली, आणि त्यांतून रूळ धावत गेलेले.

ह्या मंडळात दोन जातींचे सभासद होते. एक, डबे रंगवणारे व झाडे लावणारे. दुसरे, टेबलाखाली शिरणारे. टेबलाखाली वायरींचे, स्विचांचे आणि रिलेंचे असे काही जंजाळ होते की कोणती गाडी कोणत्या रुळावर कोणाच्या हुकमतीखाली धावेल हे सर्व तेथे ठरे. त्यातील पुष्कळसे सामान वेस्टर्न इलेक्ट्रिक ह्या टेलिफोनचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीकडून देणगीदाखल आलेले होते. गाड्या चालवावयास टेलिफोनच्या चकत्या फिरवीत. मंडळाचा एक नियम आम्हांस फार बोलका वाटतो. नव्या सभासदाने टेबलावर किंवा टेबलाखाली 40 तास काम केले की खोलीची किल्ली त्याच्या हाती पडे. लोवेल गावाहून आलेल्या पीटर सॅमसन नावाच्या मुलाने हे 40 तास एका शनिवार-रविवारच्या आतच पुरे केले, अशी आख्यायिका नव्हे, हकीकत आहे. एमआयटीत 'हॅक' हा शब्द खोड्या काढण्याच्या अर्थाने आधीच रूढ होता. टेबलाखालच्या मंडळींनी त्याला चतुर करामतीचा अर्थ दिला, आणि 1959 साली ह्याच सॅमसनने मंडळाच्या बोलीचा जो छोटा कोश केला त्यात तो नोंदवला. उपयोगासाठी न केलेले काम, असा काहीसा त्याचा भाव होता.

आता यंत्राकडे वळू. त्या वेळी संस्थेत आयबीएम कंपनीचे 704 हे गणकयंत्र होते, आणि ते कडक सोवळ्यात असे. विद्यार्थ्याने आपला कार्यक्रम पत्त्यांसारख्या कार्डांवर भोके पाडून तयार करावयाचा, गठ्ठा बाहेरच्या माणसाच्या हाती द्यावयाचा, आणि तास-दोन तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, उत्तराचा कागद प्रसादासारखा घ्यावयाचा. गाभाऱ्यात प्रवेश फक्त पुजाऱ्यांना. एक भोक चुकले की पुन्हा पहिल्यापासून रांग. ह्यात कोणाचा दुष्टपणा होता असे म्हणता येत नाही. यंत्र लाखो डॉलर किमतीचे, त्याचे प्रत्येक मिनिट मोजलेले. (आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वतः बांधलेले पहिले मोठे गणकयंत्र 1960 साली कामास लागले, तेव्हा ही दुर्मिळता सर्वत्रच होती.) परंतु ह्या व्यवस्थेत यंत्र चालताना पाहावयास मिळत नसे, आणि पाहिल्याशिवाय शिकणे कसे व्हावे?

1958 साली लिंकन प्रयोगशाळेने आपले टीएक्स-0 नावाचे यंत्र एमआयटीस वापरावयास दिले. मंडळाचे जुने सभासद जॅक डेनिस यांनी टेबलाखालच्या मुलांना ते नेऊन दाखवले. येथे कार्डे नव्हती. माणूस टंकयंत्रासारख्या साधनावर कागदी पट्टी तयार करी, स्वतः ती यंत्रास भरवी, समोरच्या गोल पडद्यावर काय उमटते ते पाही, आणि चुकले तर तेथल्या तेथे दुरुस्त करी. यंत्राला एक ध्वनिक्षेपक जोडलेला होता; एका अंकाची उघडझाप त्यातून ऐकू येई. जाणत्याला नुसत्या आवाजावरून कार्यक्रम कोठवर आला आहे ते कळे. सॅमसनने त्या एका किरट्या सुरातून बाखच्या रचना वाजवून घेतल्या.

नवशिक्यास ज्ञान किती लागे? प्रारंभी ह्या यंत्रास मूळ आज्ञा अवघ्या चार होत्या: स्मृतीत ठेव, मिळव, अंक ऋण असेल तर अमुक ठिकाणी उडी मार, आणि चौथी आज्ञा म्हणजे लहानसहान हालचालींची एक पिशवीच. ह्या चारांतून गुणाकार, भागाकार, संगीत, सारे काही रचावयाचे. लिंकन प्रयोगशाळेत असताना ह्या यंत्राची स्मृती 65,536 शब्दांची होती; एमआयटीत येताना ती 4,096 शब्दांवर आली. गरिबीने काटकसर शिकवावी तसे झाले. यंत्रातील द्विमान संख्या आपल्या नेहमीच्या दशमान अंकांत छापावयाची, ह्या साध्या कामासाठी कमीत कमी किती आज्ञा पुरतील ह्याची तेथे चुरस लागली. 50 च्या खाली कोणी जाईना. अखेर एकाने 46 वर आणून ठेवले. व्यवहारात ह्या चार-पाच आज्ञांच्या बचतीने काय साधले, असे आमचे स्नेही विचारतील. पण ज्याने ती बचत केली त्याला यंत्राचा कोपरान्कोपरा पाठ झाला, हे मात्र खरे.

चुका शोधण्यासाठी डेनिस व त्यांचे सहकारी टॉमस स्टॉकहॅम यांनी एक साधन लिहिले, त्याचे नाव फ्लिट. कार्यक्रमातील चुकीला इंग्रजीत किडा म्हणतात, आणि फ्लिट हे कीटकनाशकाचे नाव. पितळी पंपाने घरात फ्लिट मारल्याची आठवण येथे पुष्कळांना असेल. पुढील यंत्रासाठी ॲलन कोटक यांनी जे साधन केले त्याचे नाव डीडीटी! ह्या मुलांची विनोदबुद्धी कोणत्या जातीची होती ते ह्यावरून ध्यानात यावे.

साधने आली, ज्ञान मिळू लागले. उणीव राहिली ती एका गोष्टीची, आणि आमच्या मते साऱ्या हकीकतीचे मर्म तेथेच आहे. यंत्रावरचा वेळ! टीएक्स-0 वर दिवसाचा वेळ संशोधक आगाऊ नोंदवीत. म्हणून ही मुले रात्री जागत. पहाटे तीनला ज्याचा क्रम आहे तो गृहस्थ झोपून राहिला, तर त्याचा तास आपल्या पदरी पडावा म्हणून ती दाराशी घुटमळत. वर्गातले धडे मागे पडले, काहींचे शिक्षणही रखडले. रॉबर्ट वॅग्नर ह्या विद्यार्थ्याने तर यंत्राला साध्या आकडेमोडीच्या उपकरणासारखे वागवणारा कार्यक्रम लिहिला, त्यावर आपला गृहपाठ सोडवला, आणि प्राध्यापकांनी त्यास शून्य गुण दिले. यंत्रावर केलेले बरोबर असणेच शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. 1961 साली पीडीपी-1 हे नवे यंत्र आले, आणि दुसऱ्या वर्षी स्टीव्ह रसेल व त्याच्या सोबत्यांनी त्यावर अवकाशयुद्धाचा खेळ रचला. तो खेळण्याच्या पेट्या आगगाडी-मंडळाच्या सामानातून बनवलेल्या होत्या. ही गोष्ट सर्वश्रुत असल्याने तिजवर आम्ही अधिक रेंगाळत नाही.

ह्याच भुकेतून पहिले नोंदलेले कुलूप उघडले गेले. एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे अशी व्यवस्था फर्नांडो कोर्बाटो यांनी 1961 साली एमआयटीत दाखवली. प्रत्येकाला स्वतंत्र खाते, त्यास सांकेतिक शब्द, आणि वेळेची मर्यादा. ॲलन शेर हे संशोधक विद्यार्थी होते. त्यांच्या वाट्यास आठवड्याला चार तास येत, आणि काम त्यात मावेना. 1962 च्या वसंतात एका शुक्रवारी रात्री त्यांनी एक कार्ड भरले: अमुक फाइल छापावी. ती फाइल सर्वांच्या सांकेतिक शब्दांची होती. यंत्राने ती निमूटपणे छापली, आणि शनिवारी सकाळी शेर यांनी कागद उचलला. मग दुसऱ्यांच्या वेळेवर त्यांचे काम चालू लागले. दोष एकट्याच्या माथी राहू नये म्हणून त्यांनी ती यादी आणखी काहींना दिली. त्यांतील एकाने प्रयोगशाळेच्या संचालकांच्या खात्यात शिरून चिडवणारे निरोप ठेवले. शेर यांनी ही गोष्ट उघड केली ती सुमारे 25 वर्षांनी. त्यांच्या प्रबंधाचा विषय काय असावा? अनेकांत वाटल्या जाणाऱ्या यंत्रकालाची मोजणी.

शेर यांना चोर म्हणावे काय? पैशाचा लोभ नव्हता, नुकसान करण्याची बुद्धी नव्हती. तरीही चार तासांच्या शिध्यावर दुसरेही कोणी बसले होते, आणि त्यांचे तास गेले ते त्यांना न विचारता गेले. रात्री तीन वाजता दाराशी थांबणारा आणि शुक्रवारी कार्ड टाकणारा, ह्या दोघांची भूक एक. पहिल्याने न आलेल्या माणसाचा वेळ घेतला, दुसऱ्याने असलेल्याचा. आमच्या दृष्टीने भेद एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे. 20 नोव्हेंबर 1963 च्या 'द टेक' ह्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात टेलिफोन हॅकरांविषयी तक्रार छापून आली. पीडीपी-1 टेलिफोनला जोडून बाहेरची मोकळी लाइन हुडकावयाची, आणि दूरच्या बोलण्याचे बिल एका रडार केंद्राच्या नावे पाडावयाचे, असे प्रकार चालले होते. चतुर करामतीच्या शब्दाला गैरवापराचा वास लागला तो असा, चारच वर्षांत, त्याच आवारात, त्याच यंत्रावर. येथे भूक वेळेची राहिली नव्हती.

पुढचा इतिहास भराभर सांगता येईल. जानेवारी 1975 मध्ये अल्टेअर नावाचे जुळणीचे गणकयंत्र 400 डॉलरांच्या आत जाहीर झाले, आणि यंत्र घरात आले. 1991 साली लिनक्स निघाले; यंत्राची कार्यप्रणाली आतून वाचावयास फुकट मिळू लागली. 2000 साली आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा झाला, आणि मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे ही कायद्याने जाब विचारण्याजोगी गोष्ट ठरली.

त्या नातवास आम्ही जे सांगितले ते असे. बाजारातून जुना, वापरलेला संगणक घे. त्यावर लिनक्स चढव. त्याच संगणकाच्या पोटात दुसरा काल्पनिक संगणक उभा करता येतो, तो कर, आणि एकातून दुसऱ्यात शिरण्याचे सारे प्रयोग घरच्या टेबलावर कर. दोन्ही तुझेच आहेत, कोणाला विचारावयास नको. सी ही भाषा शीक. निरोप एका यंत्रातून दुसऱ्यात कसा जातो ते पाकिटे उघडून पाहा. त्याने विचारले, "आजोबा, किती दिवस लागतील?" आम्ही म्हटले, आधी 40 तास टेबलाखाली बस, मग बोलू.

वीस नंबरची इमारत 1998 साली पाडली. कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात एक जुने पीडीपी-1 होते. 2005 च्या सुमारास काही स्वयंसेवकांनी ते दुरुस्त करून पुन्हा चालते केले. त्यांत पीटर सॅमसन होते. विद्यार्थिदशेत भोके पाडलेल्या कागदी पट्ट्यांवरील संगीत पुन्हा वाचवून घेऊन, सुमारे चाळीस वर्षांनंतर, त्यांनी ते त्याच जातीच्या यंत्रावर वाजवले.