ताणजन्य डोकेदुखीवरील वनौषधी

कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे दोन्ही बाजूंना दुखणे, अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकणे आणि चालण्याफिरण्याने न वाढणे, ही ताणजन्य डोकेदुखीची लक्षणे. अर्धशिशी हा निराळा विकार आहे. वनौषधींची पारख करताना हा भेद विसरला, तर सगळाच हिशेब चुकतो.

महाराष्ट्रात सहाणेवर उगाळलेल्या सुंठीचा किंवा सुंठ-वेखंडाचा कोमट लेप कपाळावर लावतात; उन्हाने डोके चढले तर चंदनाचा. बामची डबी या लेपांच्या जोडीला नंतर आली. ‘अमृतांजन’ची सुरुवात काशिनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत केली.

या साऱ्यांत भक्कम पुरावा मिळाला तो पुदिन्याच्या एका जातीला, पेपरमिंटला. जर्मनीतील कील येथे हार्टमुट ग्योबेल आणि सहकाऱ्यांनी ४१ रुग्णांच्या १६४ डोकेदुख्यांवर केलेली चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. अल्कोहोलमधील १० टक्के पेपरमिंट तेल कपाळाला व कानशिलांना लावल्यावर पंधरा मिनिटांत दुखणे लक्षणीय उतरले आणि परिणाम १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीचा ठरला. खरी अडचण वासाची होती. पुदिना लावला की नाही, हे नाकालाच कळते. म्हणून तुलनेच्या द्रावणातही तेलाचा किंचित अंश मिसळला होता. रुग्णसंख्या लहान असली, तरी चाचणीतील ही दक्षता मोलाची आहे.

तेलातील मेंथॉल त्वचेतील थंडावा ओळखणाऱ्या ‘टीआरपीएम८’ या ग्राहीला चेतवते. २००२ मध्ये हा ग्राही शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सुंठीची २०१४ साली प्रसिद्ध झालेली, सुमाट्रिप्टान या औषधाशी तुलना करणारी चाचणी अर्धशिशीवर होती, आणि तीही पोटात घेतलेल्या चूर्णाची. कपाळावरच्या लेपाला तिचा दाखला देता येत नाही. फीव्हरफ्यू आणि बटरबर या युरोपीय वनस्पतींचा अभ्यासही अर्धशिशीपुरताच. शिवाय बटरबरमधील काही अल्कलॉइडे यकृताला घातक आहेत. वेखंडातील बीटा-असारोनमुळे उंदरांना कर्करोग झाल्याचे आढळल्याने ते पोटात घेणे टाळावे.

मेंथॉलयुक्त तेल वा बाम तान्ह्या व लहान मुलांच्या नाकाजवळ लावू नये. श्वास कोंडू शकतो. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, सोबत ताप, मान ताठरणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा दिसण्यात बिघाड असल्यास लेपात वेळ न घालवता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.