वर्षाच्या आतल्या बाळाला फिट आली तर थांबू नका

वडगाव मावळ : फिट, आकडी आली की आपल्याकडं अजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. बहुतेकांची फिट रोजच्या गोळ्यांनी आटोक्यात येते. पण दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट येतच राहिली, तर तिला औषधांना दाद न देणारी फिट म्हणतात.

ट्यूबरस स्क्लेरोसिस या दुर्मिळ जनुकीय आजारात असं जास्त घडतं. नाव ऐकून टीबी वाटेल, पण टीबीशी याचा संबंध नाही आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. साधारण ६,००० बाळांमागे एकाला तो असतो. मेंदू, कातडी, किडनी, हृदयात गाठी होतात. दहापैकी आठ जणांना फिट येते आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांना औषधं पुरी पडत नाहीत. तीनपैकी दोन मुलांत हा बिघाड आईबापाकडून आलेला नसतो. त्यामुळे सुनेला बोल लावू नका.

धोका कधी जास्त?

• पहिली फिट वर्षाच्या आत आली तर
• बाळाला एकामागोमाग झटके येत असतील तर
• बिघाड टीएससी-२ या जनुकात असेल तर
• मेंदूत गाठी जास्त असतील तर
• पहिल्या औषधानं फरक पडला नाही तर
• उपचाराला उशीर झाला तर

जनुक आणि गाठी आपल्या हातात नाहीत. उशीर टाळणं मात्र आहे.

काय बघायचं?

झोपेतून उठल्यावर बाळ मान, हात, अंग पुन्हा पुन्हा आखडतं. घरचे म्हणतात दचकतंय, पोट दुखतंय. मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना दाखवा. अंगावर पानासारखे लांबट पांढरे चट्टे असतील तर तेही दाखवा. प्रत्येक पांढरा डाग या आजाराचा नसतो, पण फिट आणि चट्टे दोन्ही असतील तर तपासणी हवीच.

ईईजी, एमआरआयवरून पुढची दिशा ठरते. अशा झटक्यांवर व्हिगाबॅट्रिन हे पहिलं औषध. त्यासोबत डोळ्यांची तपासणी लागते. गोळ्यांनी भागलं नाही तर ऑपरेशन, विशेष आहार, एव्हरोलिमस हे मार्ग आहेत. गोळी मनानं बंद करू नका.

फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

अंदर मावळ, नाणे मावळातून पुण्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, हे खरं. पण भातलावणी चार दिवस मागं गेली तरी चालेल. बाळाचे झटके थांबत नाहीत.