कळीचं कूळ

शेजारची मुक्ता परवा एक नवा कीबोर्ड घेऊन आली. "काका, परत करायची मुदत शनिवारपर्यंत आहे. ठेवू की पाठवून देऊ?" काळ्या गोल टोप्या, प्रत्येकीला चंदेरी कडं, डावीकडे कॅरेज ढकलायच्या दांडीसारखी दांडी. लांबून पाहिलं तर अस्सल टाइपरायटर. मी डोळे मिटले आणि एक कळ अगदी हळू, थांबत थांबत दाबली. बोटाला खटका लागला, आवाजही झाला. "अक्षर आलं?" मी विचारलं. "नाही अजून," मुक्ता म्हणाली. कळ आणखी थोडी खाली नेली, तेव्हा कुठे पडद्यावर अक्षर उमटलं.

फरक केसाएवढा. पण टाइपरायटरचं नाव सांगणाऱ्या कीबोर्डचं मोल मी तिथेच करतो, आणि ते का, हे समजायला त्याच्या कुळात मागे जावं लागतं.

मूळपुरुष अमेरिकेतल्या मिलवॉकीचा. ख्रिस्तोफर लॅथम शोल्स हा मुद्रणव्यवसायात मुरलेला संपादक. त्यानं कार्लोस ग्लिडन आणि सॅम्युएल सोल यांच्यासोबत 1868 मध्ये लेखनयंत्राचं पेटंट घेतलं. 1873 मध्ये ते यंत्र बनवायचं काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावच्या रेमिंग्टनकडे गेलं. रेमिंग्टन बंदुका आणि शिलाई मशीन बनवायचे, म्हणून 1874 मध्ये बाजारात आलेल्या त्या यंत्रावर शिलाई मशीनसारखी फुलांची नक्षी होती. अक्षरं होती ती फक्त कॅपिटल. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की टाइप खालून वर उडून रोलरच्या पोटावर आदळायचे. आपण काय लिहितोय ते लिहिणाऱ्याला दिसायचंच नाही. काही ओळी पुढे सरकल्या की मगच मजकूर नजरेस पडायचा.

ही अडचण मला या सगळ्या कहाणीचा गाभा वाटते. अक्षर कागदावर पडलं याचा लिहिणाऱ्याकडे पुरावा काय? तर बोटाला बसलेला ठोका आणि कानाला आलेला आवाज, एवढाच. पुढे 1890 च्या दशकात अंडरवुडनं टाइप समोरून मारायला सुरुवात केली आणि लिहिलेलं लगेच दिसू लागलं. पण तोवर बोटं शहाणी झाली होती. सॉल्ट लेक सिटीचा फ्रँक मॅकगरिन कळांकडे न पाहता दहाही बोटांनी टाइप करायचा. 1888 मध्ये सिनसिनाटीच्या जाहीर स्पर्धेत त्यानं लुई ट्रॉबला हरवलं, आणि न पाहता टाइप करणं ही शिकण्याजोगी विद्या आहे हे लोकांना पटलं.

माझं बोट घडलं ते गोदरेजच्या यंत्रावर. गोदरेजनं 1955 मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि पुढची कित्येक दशकं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या टायपिंग क्लासमध्ये तोच खडखडत होता. आमच्या बाई पाठीमागून सांगायच्या, "दाबू नका, मारा आणि सोडा." त्याचं कारण मला फार उशिरा उमगलं. कळ खाली गेली की तिची कडी टाइपबारला उचलते. अर्ध्याअधिक वाटेवर टाइपबार वेग घेतो आणि शेवटचं अंतर तो स्वतःच्या झोकानं तोडतो. तो रोलरजवळ पोचता पोचता खाली दात सुटतो आणि कॅरेज एक घर सरकतं. बोटाचं काम झोक देण्यापुरतं. जो कळ दाबून धरायचा त्याचे टाइप एकमेकांत अडकायचे, आणि मग काळ्या शाईनं माखलेल्या बोटांनी ते सोडवत बसावं लागायचं. तीन कार्बन घातलेले असले तर ठोका कसदार हवा, नाहीतर शेवटची प्रत नुसती पुसट सावली. पुढे वकिलांकडे काम करताना हे रोज अनुभवलं.

या यंत्राच्या कितीतरी खुणा आजच्या कीबोर्डवर आहेत. कळांच्या ओळी एकाखाली एक सरळ नसून तिरप्या सरकलेल्या असतात. प्रत्येक कळीची कडी शेजारच्या कडीला न घासता मागे जायला हवी, म्हणून ती रचना झाली. आता कड्या नाहीत, तिरकेपणा मात्र आहे. 'शिफ्ट'मध्ये तर खरोखरच काहीतरी सरकायचं, कॅरेज किंवा टाइपची टोपली. ही सोय 1878 च्या रेमिंग्टन नंबर 2 मध्ये आली. आपल्याकडे शासनाची टंकलेखन परीक्षा आता संगणकावर होते, तरी मराठी टाइप करणारे कितीतरी जण कळांची मांडणी निवडताना 'रेमिंग्टन'वरच बोट ठेवतात.

खटका मात्र असा आपोआप पुढे आला नाही. तो मुद्दाम जपावा लागला. 1961 मध्ये आयबीएमनं सिलेक्ट्रिक हा विजेवरचा टाइपरायटर काढला. त्यात टाइपबार नव्हतेच. 88 अक्षरांचा एक गोळा फिरून कागदावर आपटायचा. ताकद मोटरची, तरी कळीला एक स्वच्छ, ठाम पडाव ठेवला होता, आणि टायपिस्ट त्यावर खूश होते. 1970 च्या दशकात आयबीएमनं संगणकाच्या टर्मिनलसाठी कीबोर्ड केले तेव्हा हीच पसंती डोळ्यांपुढे होती. आयबीएमच्या रिचर्ड हॅरिस यांनी वाकणाऱ्या स्प्रिंगची जी युक्ती काढली, तिला 1978 मध्ये पेटंट मिळालं.

युक्ती इतकी देखणी आहे की ती नीट सांगितलीच पाहिजे. कळीखाली एका नळीत बारीक स्प्रिंग उभी असते. कळ खाली जाते तशी ती दबत जाते आणि एका बिंदूला तिचा तोल जाऊन ती बाजूला वाकते. वाकताना नळीच्या भिंतीवर आपटते, तो आवाज. बोटाखालचा विरोध एकदम नाहीसा होतो, तो स्पर्श. तिच्या पायाशी असलेली छोटी पाती त्याच क्षणी डुलते, ते अक्षर. तिन्ही गोष्टींचं कारण एकच असल्यामुळे त्या कधी पुढेमागे होत नाहीत. 1981 च्या आयबीएम पीसीसोबत आलेला मॉडेल एफ आणि 1985 पासूनचा मॉडेल एम, दोन्ही याच स्प्रिंगचे.

मी पहिला मॉडेल एम हातात धरला तो भंगाराच्या दुकानात. दोन किलोंहून जास्त भरला. तो उलटा केला की मागे चिठ्ठी दिसते: भाग क्रमांक, बनवल्याची तारीख. टोपी वर खेचली तर बहुतेक कळांवर ती दोन भागांत सुटते आणि स्प्रिंगचं टोक नजरेला पडतं. अक्षरं वरून छापलेली नाहीत, रंग पीबीटी प्लास्टिकच्या आत मुरवलेला आहे, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या वापरानंही ती पुसली जात नाहीत. मी तो कानाशी धरून हलवला तर आत बारीक खुळखुळ ऐकू आली. आतल्या पत्र्याला धरणारे प्लास्टिकचे रिव्हेट तुटल्याची ती खूण. जुना मॉडेल एम घेताना ही खुळखुळ जरूर ऐका. दुरुस्ती होते, रिव्हेटच्या जागी स्क्रू बसवतात, पण काम किचकट आहे आणि भावात ते धरलं पाहिजे.

स्वस्ताईच्या काळात रबराची घुमटी आली आणि बहुतेक कचेऱ्यांमध्ये तीच बसली. तिच्यात अक्षर उमटतं ते कळ तळाला टेकल्यावर. खटक्याची आस असलेल्यांसाठी उरला तो चेरी या कंपनीचा 1980 च्या दशकातला एमएक्स स्विच. त्याच्या निळ्या प्रकारात आवाज करणारा तुकडा वेगळा आणि विजेचा संपर्क वेगळा. दोघांची वेळ जुळवणं हे कारागिरीचं काम. चेरीनं ते चांगलं साधलंय. पेटंटची मुदत संपल्यावर आलेल्या नकलांपैकी काही उत्तम आहेत, काहींत हे दोघे एकमेकांचं ऐकत नाहीत. मुक्ताच्या कीबोर्डात नेमकं तेच झालं होतं.

बाकी तपासणी मी तिच्यासमोरच केली. स्पेसबार मधोमध आणि दोन्ही टोकांना दाबला. टोकाला तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजला. लांब कळांखालच्या तारा नीट बसवलेल्या नसल्या की असं होतं. टोपी धरून बाजूला हलवली तर डुगडुगली. कडं धातूचं नव्हतं, प्लास्टिकवर चकाकी चढवलेली, एका ठिकाणी नखानं निघाली. आणि गोल आकार? टाइपरायटरवर ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीवर एक असायच्या, बोट वरून खाली यायचं, म्हणून गोल टोपी चालून जायची. सपाट बसवलेल्या या कीबोर्डवर दोन टोप्यांमधल्या फटीत बोट घसरतं. मी एक परिच्छेद टाइप केला, चार ठिकाणी चुकलो. तेच साध्या चौकोनी टोप्यांवर केलं, एकही चूक नाही.

"मग पाठवूनच देते," मुक्ता म्हणाली. मी तिला सांगितलं, दुसरा घेताना टोप्या बघूच नकोस. कळ सावकाश दाब, खटका आणि अक्षर एकदम आलं तर पैसे मोज. एवढं जमलेला साधा काळा कीबोर्डही या चकाकीच्या दुप्पट मोलाचा आहे. आणि पदरात पैसे असतील, आवाजाबद्दल घरच्यांची हरकत नसेल, तर वाकणाऱ्या स्प्रिंगचा कीबोर्ड नवाही मिळतो. मॉडेल एम बनवण्याचं काम 1996 पासून केंटकीतल्या लेक्सिंग्टन शहरी युनिकॉम्प ही छोटी कंपनी चालवते आहे.