आंधी, वळीव आणि सिमला ऑफिस

मोहालीत ज्येष्ठातल्या एखाद्या दुपारी वारा एकाएकी पडतो. सकाळपासून अंग भाजून काढणारी लू थांबते. परंतु तेवढ्याने बरे वाटत नाही, जीव अधिकच घुसमटतो. मग क्षितिजावर मातकट भिंत उभी राहते आणि पाहता पाहता भरदिवसा दिवे लावावे लागतात. पंजाबी माणूस हिला आंधी म्हणतो. ती ओसरली, चार टपोरे थेंब पडले, की तापमान दहा-पंधरा अंशांनीही उतरलेले आढळते. आपल्या वळवाचीच ही जात. मात्र वळवात मातीचा सुगंध येतो, आंधीत ती मातीच नाकातोंडात जाते.

या आंधीचे कोडे उलगडू पाहणाऱ्यांत बॅडली नावाचे एक लष्करी शल्यवैद्य होते. १८४७ च्या सुमारास त्यांनी लाहोरला आपल्या घराच्या छपरावर बांबू उभारून त्यावरून तांब्याची तार खोलीत आणली. धुळीचे वादळ डोक्यावरून जाऊ लागताच तारेतून विजेच्या ठिणग्या उडाल्या! १८६० साली त्यांनी या वावटळींवर पुस्तकही प्रसिद्ध केले. हौशी निरीक्षकाचे हे धाडस कौतुकास्पद खरे. त्याचे अनुकरण मात्र कोणी करू नये.

वादळाचे कुतूहल निराळे आणि वादळात सापडणे निराळे. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादच्या परिसरात झालेल्या गारपिटीने २४६ माणसे दगावली. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात धुळीच्या वादळांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. तेव्हा हवेचा अंदाज हा केवळ विद्वानांच्या करमणुकीचा विषय नव्हे.

या देशाचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय पुढे मोहालीच्या उत्तरेस दिसणाऱ्या डोंगरांपलीकडे, सिमल्याला होते. १९२८ साली ते पुण्यास आले, आणि पुणेकरांनी शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या दगडी इमारतीला सरळ 'सिमला ऑफिस' म्हणून टाकले. १९४४ साली मुख्यालय दिल्लीस गेले, तरी नाव पुण्यातच राहिले. त्या चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांना या नावाचे नवल वाटत असेल?

पुण्याच्या त्या काळात खात्याची सूत्रे चार्ल्स नॉर्मंड यांच्याकडे होती. उन्हाळा आणि वादळ ही एकाच विचाराची दोन अंगे आहेत, हे त्यांच्या कामात जसे दिसते तसे क्वचितच कोठे दिसेल. नुसत्या उष्णतेने वादळ होत नाही. खालच्या हवेत पुरेशी वाफ हवी, आणि ती हवा वर उचलणारे काही निमित्त हवे. पंजाबात ते बहुधा पश्चिमेकडून हिमालयाकडे सरकणारे आवर्त पुरविते. वर गेलेल्या वाफेचे पाणी होताना तिच्यात दडलेली उष्णता मोकळी होते आणि ढग स्वतःच्याच बळावर आकाश गाठतो. हा दडलेला साठा मोजण्याची रीत नॉर्मंड यांनी १९३८ साली मांडली.

तिचा आधार एक साधे साधन होते: फुग्याभोवती ओले फडके गुंडाळलेला तापमापक. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात राहून आलेल्या नॉर्मंड यांनी १९२० सालीच उष्मा, दमटपणा आणि वारा यांचा माणसाच्या शरीरावरील परिणाम तपासला होता. घाम वाळला तरच शरीर निवते. ओल्या फडक्याचा पारा ३५ अंशांपर्यंत चढला, तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही फार तास तग धरू शकत नाही. आणि राबणाऱ्याची मर्यादा त्याच्या कितीतरी अलीकडे येते.

पहिल्या सरी आल्या, की पंजाबात पारा उतरतो आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. त्याच दिवसांत परप्रांतांतून आलेले मजूर घोटाभर पाण्यात वाकून भाताची लावणी करीत असतात. त्यांच्या भोवतालच्या हवेत घाम वाळत नाही. आणि संध्याकाळच्या बातम्यांत आपण ऐकतो तो आकडा बहुधा कोरड्या तापमापकाचाच असतो.