गव्हले, शेंगोळे आणि पास्ता: आजीने मोडलेली स्क्रिप्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग ऐकताना भूक लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

झालं असं, की पुण्यातला माझा रूममेट एक दिवस म्हणाला, "तू सारखा सातवाहन आणि निजाम सांगतोस, कधीतरी कामाचं सांग की. रूमवर एक इंडक्शन आहे, एक कढई आहे. सोपा व्हेज पास्ता आणि सफरचंदाचं काहीतरी गोड, एवढं शिकव." मी म्हटलं, ठीक आहे, दोन्हींचा इतिहासही सांगतो आणि रेसिपीही देतो.

उन्हाळ्यात वर्क फ्रॉम होम घेऊन गावी आलो होतो, धाराशिव जिल्ह्यात. तिथेच स्क्रिप्ट लिहिली. एकदम जोरदार वाटत होती. मग ती आजीला वाचून दाखवली, आणि तिने मधूनच ती मोडली. म्हणून आज आधी माझी स्क्रिप्ट ऐका, मग आजीचं म्हणणं.

माझी स्क्रिप्ट अशी सुरू होत होती: पास्ता म्हणजे नेमकं काय? गव्हाचं पीठ किंवा रवा पाण्यात घट्ट मळायचा, त्याला आकार द्यायचा, वाळवायचा, आणि लागेल तेव्हा उकळायचा. बस्स. आता सांगा, हे आपल्याकडे नाही का? शेवया आहेतच. पण त्याशिवाय एक अख्खं खानदान आहे, त्याला म्हणतात वळवट. बोटांनी वळायचे ते गव्हले, गव्हाच्या दाण्याएवढे. नखाने दाबून काढायचे ते नखुले. छोट्या गुंडाळीच्या मालत्या. फणीवर दाबून रेघा उमटवायच्या ते फणुले. लग्नाच्या रुखवतात हे सगळं मांडलेलं असायचं, आणि त्यांची खीर व्हायची.

आता इटलीत चला. तिथे ओर्झो नावाचा पास्ता आहे. नावाचा अर्थ जव, आणि आकारही दाण्याचा. म्हणजे गव्हल्यांचा चुलतभाऊ. ओरेक्किएत्ते म्हणजे छोटे कान, अंगठ्याने दाबून केलेले. आणि रोमान्या भागात गार्गानेल्ली करतात, ते चक्क फणीसारख्या पट्टीवर लाटतात, रेघा उमटाव्यात म्हणून. आपल्या फणुल्यांचीच युक्ती! रेघा का, तर रस्सा धरून राहतो.

आणि गहू? आपला खपली गहू माहिती असेल. टरफल घट्ट चिकटलेलं, कांडल्याशिवाय निघत नाही. खिरीला आणि हुग्गीला आजही तोच लागतो. इटलीत ज्याला फार्रो म्हणतात, त्यात मुख्यतः हाच गहू असतो, तीच प्रजाती. पास्त्याचा कडक डुरम गहू हा खपलीच्या घराण्यातला. दोघांत २८ गुणसूत्रं, तर रोजच्या चपातीच्या गव्हात ४२. इटलीत १९६७ साली कायदा झाला की वाळवलेला पास्ता डुरमच्या रव्याचाच हवा. कारण तो शिजताना लगदा होत नाही. आपल्या बायकांना हे कायद्याशिवाय कळत होतं. शेवयांना गहू निवडताना त्या कडक गहूच बघायच्या.

इथे मी जिल्ह्याचा हुकमी पत्ता टाकला होता: तेर. धाराशिव शहराजवळ तेरणा नदीकाठचं गाव, संत गोरा कुंभारांचं. हेच प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराचं एक गाईडबुक लिहिलं, पेरिप्लस. त्यात लिहिलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं खूप मोठं शहर आहे, आणि तिथून गाड्यांवर लादलेलं कापड भडोच बंदराला जातं. तिथून जहाजं पश्चिमेला. पुढे १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीची. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती आपल्या तेरला मिळाली आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळातल्या वस्तू बघायला मिळतात, जाऊन या. आणि पॉम्पेईपासून थोड्याच अंतरावर ग्रान्यानो गाव आहे, वाळवलेल्या पास्त्यासाठी जगप्रसिद्ध. एकेकाळी तिथल्या रस्त्यांवर काठ्यांवर पास्ता वाळत घातलेला असायचा. आपल्याकडे मे महिन्यात बाजेवर शेवया असतात तसाच.

म्हणून पास्ता तेरहून इटलीला गेला, असं मी म्हणणार नाही. व्हॉट्सॲपवर चाललं असतं, इथे नाही. पॉम्पेईच्या काळात तिथे आजच्यासारखा पास्ता नव्हता. तसंच मार्को पोलोने तो चीनहून आणला ही गोष्टही खोटी. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. त्याच्या आधी, ११५४ साली, अल-इद्रीसी नावाच्या भूगोलकाराने लिहून ठेवलंय की सिसिली बेटावर त्राबिया गावात 'इत्रिया' बनते आणि जहाजं भरभरून बाहेर जाते. इत्रिया म्हणजे वाळवलेल्या शेवया. आणि १२७९ मध्ये जेनोआच्या एका माणसाच्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेल्या पेटीची नोंद आहे. मार्को पोलोची गोष्ट पसरवली ती १९२९ मध्ये, अमेरिकेतल्या मॅकरोनी उत्पादकांच्या मासिकाने. म्हणजे ते आपलं मार्केटिंग!

इत्रिया हा शब्द सिसिलीत पोचला अरबांकडून. आणि गंमत बघा, अरबीनेच आपल्याला सफरचंद दिलं. फळ नाही, शब्द. अरबीत 'सफरजल' म्हणजे सफरचंदासारखं दिसणारं एक आंबट-तुरट फळ, ज्याच्या बियांना आपण बिहीदाणा म्हणतो. फिरत फिरत त्या नावाचं गुजरातीत सफरजन झालं, मराठीत सफरचंद. नाव एका फळाचं, चिकटलं दुसऱ्याला. बाजारात मिळणारं लाल गोड फळ तर आणखी उशिराचं. सॅम्युअल स्टोक्स नावाचा अमेरिकन माणूस १९०४ मध्ये भारतात आला, पुढे सत्यानंद स्टोक्स झाला. त्याने १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून 'डिलिशस' जातीची रोपं आणून हिमाचलात कोटगढच्या बाजूला लावली. इंग्रजांनी आधी लावलेली सफरचंदं आंबट होती, लोकांना ही गोड आवडली. तिथून ट्रकने आपल्याकडे.

स्क्रिप्टचा शेवट असा होता: "तेव्हा मित्रांनो, पास्ता परका नाही. आपल्या आज्या पिढ्यान् पिढ्या घरोघरी पास्ताच खात होत्या!"

हे वाक्य वाचलं आणि आजी म्हणाली, "थांब रं. कुणाची आजी?"

मी म्हटलं, "तूच की. तूच तर शिकवलंस मला गव्हले वळायला."

"वळायला शिकले, ते खरं हाय. खायला कुठं व्हते?"

मग तिने जे सांगितलं ते मी फोनवर रेकॉर्ड केलं. तिच्या परवानगीने थोडक्यात सांगतो. आजी लहान असताना घरी गहू नसायचाच. आमच्याकडची जमीन कोरडवाहू, पीक ज्वारीचं. गहू म्हणजे ज्याच्या विहिरीला पाणी त्याचं पीक, आणि सणाचं धान्य. लग्नसराई आली की मोठ्या घरून बोलावणं यायचं. आजी तिच्या आईबरोबर जायची. गहू भिजवा, सुकवा, दळा, कपड्यातून चाळून सपीट काढा, आणि मग दिवसभर बसून दुसऱ्याच्या लेकीच्या रुखवताचे गव्हले वळा. एकेक गव्हला, बोटांच्या चिमटीत. संध्याकाळी पदरात ज्वारी घेऊन घरी. "हात सुटला व्हता माझा, सगळ्यात बारीक मीच वळायचे," हे सांगताना आवाजात अभिमान होता. पुढचं वाक्य तसंच सरळ: "माझ्या लग्नात रुखवत नव्हतं."

मग १९७२. मराठवाड्यात तो आकडा नुसता उच्चारला तरी म्हातारी माणसं गप्प होतात. आजी तेव्हा विशीत. दुष्काळी कामावर खडी फोडली, रस्त्यावर माती टाकली. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. म्हणाली, "त्या साली गव्हले कुणाच्याच घरी झाले न्हाईत. तवा समदे सारखे झाले."

मी विचारलं, मग तुमच्या घरी काय व्हायचं? पिठाचं, वळलेलं, उकळलेलं असं काही?

"शेंगोळे," ती म्हणाली. "हुलग्याचे."

आणि मंडळी, मी तीन दिवस नेटवर इटली पालथी घालत होतो आणि शेंगोळे माझ्या लक्षात आले नव्हते. हुलगा, म्हणजे कुळीथ. हलक्या जमिनीत, कमी पावसात येणारं कडधान्य. त्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ घालायचं, लसूण-मिरची घालून घट्ट मळायचं, हातावर वळून लांबट शेंगा करायच्या आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायच्या. वाळवण नाही, गहू नाही. गव्हल्यांसारखे ते रुखवतात मांडत नाहीत, म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्येही नव्हते.

मी आयटीवाला माणूस. शेवया म्हणजे उन्हाळ्याने घेतलेला बॅकअप, असा डायलॉगही लिहिला होता. पण बॅकअप घ्यायला आधी डेटा लागतो. घरात गहू असेल तर शेवया. पुढे सुधारित बियाणं आलं, पाणी आलं, रेशनवर गहू आला, आणि मग कुठे आमच्या घरी बाजेला शेवयाचं मशीन लागलं. आजी सांगते, पहिल्या वर्षी हँडल फिरवायला घरातले सगळे भांडत होते.

म्हणून शेवटचं वाक्य मी बदललं. पास्त्यासारखं काही आपल्याकडे होतं का? होतं. पण एका घरात ते खिरीत असायचं आणि दुसऱ्या घरात ते मजुरीचं काम असायचं. "आपली परंपरा" म्हणताना त्यात वळणारीचा हातही मोजायचा, एवढंच मी आजीकडून शिकलो.

आता रेसिपी. वचन दिलंय.

पहिली, आजीचे शेंगोळे. दोन माणसांसाठी एक वाटी हुलग्याचं पीठ, पाव वाटी ज्वारीचं, दोन चमचे गव्हाचं, म्हणजे तुटत नाहीत. लसूण, मिरची, जिरं वाटून, त्यातलं निम्मं पिठात, सोबत हळद-मीठ. घट्ट मळा. हाताला तेल लावून करंगळीएवढे वळा. कढईत तेल, उरलेलं वाटण, चार-पाच वाट्या पाणी, मीठ. पाणी खळखळ उकळल्यावरच शेंगोळे सोडा, नाहीतर विरघळतात. पंधरा-वीस मिनिटं शिजवा. दोन चमचे शेंगदाण्याचा कूट घातला की रस्सा दाट. हुलग्याचं पीठ नसेल तर याच रश्शात बाजारचा पेन्ने पास्ता उकळा. पाणी ओतून द्यायचं नाही, त्यातल्या स्टार्चनेच रस्सा मिळून येतो. मी आजीला तसा करून दिला. म्हणाली, "बरं हाय, पर चावायला लै लागतं."

दुसरी, गव्हल्यांची किंवा शेवयांची सफरचंद घालून खीर. एक चमचा तुपात अर्धी वाटी शेवया गुलाबी भाजा. अर्धा लिटर दूध घालून शिजवा, तीन चमचे साखर, वेलची, मग गॅस बंद. वेगळ्या भांड्यात एक सफरचंद किसून तुपात परता, एक चमचा साखर घालून पाणी आटेपर्यंत. दोन्ही गार होऊ द्या आणि मगच एकत्र करा. गरम दुधात कच्चं सफरचंद टाकलं तर त्यातल्या आंबटपणाने दूध फाटतं. माझं पहिल्यांदा फाटलं होतं, आणि सगळ्या घराने ते बघितलं.

आमच्याकडे सफरचंद म्हणजे दवाखान्यात भेटायला जाताना न्यायचं फळ. त्यामुळे आजीने आधी विचारलंच, "कुणाला बरं न्हाई?" मग वाटीभर खीर खाल्ली. त्यात गव्हले तिनेच वळलेले होते. हात आता थरथरतो, गव्हले एकसारखे होत नाहीत. तिला ते आवडलं नाही, दोन-तीन बाजूला काढून ठेवले. मी ते उचलून खिरीत टाकले.

या वेळचं काम: घरात कुणी वळवट केलेलं असेल तर त्यांच्याशेजारी बसा, रेकॉर्डिंग करा, आणि एक प्रश्न नक्की विचारा: कुणासाठी वळलंत? भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी खळखळ उकळल्याशिवाय शेंगोळे सोडू नका!